रंगीत पीकॉक, बारा एमएमची काच आणि ‘मलावी सॉल्ट’

पुण्यात आफ्रिकन सिक्लिड या माशांची टाकी लावायचं कोणाच्या मनात असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. हाच माल आणि हीच वाक्यं इतर ठिकाणीही ऐकायला मिळतील, त्यामुळे नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

आधी माशांबद्दल थोडं. आफ्रिकेतल्या मलावी तलावातले पीकॉक सिक्लिड गोड्या पाण्यातले असूनही समुद्री माशांसारखे रंगीत असतात, म्हणून त्यांना एवढी मागणी. पण तो निळा-केशरी रंग मोठ्या नराचा. मादी आणि पिल्लं राखाडी-तपकिरी, अंगावर पुसट उभे पट्टे. नरालाही साधारण अडीच-तीन इंचांचा झाल्यावर हळूहळू रंग भरायला लागतो, आणि टाकीत त्याच्यावर दादागिरी करणारा दुसरा नर असेल तर तेव्हाही नीट येत नाही. म्हणजे खरं पिल्लू विकायला ठेवलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. सगळी लबाडी इथून सुरू होते.

मी गेलो त्या दुकानात एका टाकीत दोन-दोन इंचांचे पीकॉक होते आणि एकूण एक मासा रंगात न्हालेला. “सर, सगळे मेल आहेत. वाइल्ड स्टॉक, मलावीहून डायरेक्ट.” सातशे रुपये नग. बारा घेतले. वर सहा पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे ‘आपल्याकडून फ्री’, आणि चार निळे ‘कोबाल्ट’ पाचशेच्या भावाने. कोबाल्टच्या अंगावर काळे पट्टे दिसत होते. विचारलं तर म्हणे, लहानपणी असतात, नंतर जातात.

दोन इंचांचे सगळेच्या सगळे मासे पूर्ण रंगात असणं निसर्गात होत नाही. कुठल्याही विणीत निम्म्याच्या आसपास माद्या असतात आणि त्या वयात नरही फिकटच असतात. हा रंग येतो खाद्यात मिसळलेल्या नर-हॉर्मोनमुळे, बहुधा मिथाइल टेस्टोस्टेरॉन. त्याने मादीसुद्धा नरासारखी रंगते. घरी साधं खाद्य सुरू झालं की काही आठवड्यांत रंग उतरायला लागतो, आणि अशा माद्यांची पुढे वीण होईल याचीही खात्री नसते.

माझ्याकडे अगदी तेच झालं. आधी कपाळावरचा निळा मळकट झाला, मग वरच्या परावरची पांढरी कड गेली, शेवटी अंगावर राखाडी पट्टे उमटले. दुकानदाराला फोटो पाठवले की दर वेळी नवीन कारण. पाणी जास्त बदलताय. लाइट कमी पडतोय. माशांना स्ट्रेस आहे. आणि त्यावर औषध म्हणून साडेचारशे रुपयांचा ‘कलर एन्हान्सर’ खाद्याचा डबा. या माणसाच्या धंद्याची मला दादच द्यावीशी वाटते: रंग उतरतो त्याचेही पैसे तो घेतो.

शेवटी गच्चीवर सिक्लिडची पैदास करणाऱ्या एका ओळखीच्या दादाला घरी बोलावलं. त्याने हात ओला केला, एकेक मासा तळव्यावर उताणा धरला आणि मोबाइलचा टॉर्च पोटाखाली मारून शेपटीच्या बाजूची दोन छिद्रं दाखवली. नरात दोन्ही साधारण सारख्या आकाराची दिसतात, मादीत मागचं स्पष्ट मोठं आणि रुंद. तोपर्यंत नऊ पीकॉक उरले होते. त्यातल्या सात माद्या.

बाकीचे तीन कुठे गेले? ते गेले फुकटच्या माशांच्या पायी. ते पिवळे-काळे म्हणजे ऑरेटस, मलावीतल्या सगळ्यात भांडखोर सिक्लिडपैकी एक. पीकॉक त्यामानाने गरीब स्वभावाचे. दोघांना चार फुटी टाकीत एकत्र ठेवू नये हे सिक्लिड विकणाऱ्या कोणालाही माहीत असतं. दुकानात न खपणारे मासे गिऱ्हाइकाच्या गळ्यात असे ‘फ्री’ मारले जातात. आणि ते चार कोबाल्ट? त्यातले दोन चक्क पिवळे झाले. ते केनयी नावाचे दुसरेच मासे होते. त्यांची पिल्लं निळी आणि पट्टेदार, मोठा नर पिवळा. म्हणजे निळे हवेत म्हणून घेतलेल्यांपैकी निम्मे पिवळे, आणि रंगीत म्हणून घेतलेले बहुतेक राखाडी.

‘वाइल्ड’चं म्हणाल तर खरे मलावीहून पकडून आणलेले मासे या भावात मिळणं शक्यच नाही. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी शोभेच्या माशांची मोठी पैदास होते आणि तिथून ऑक्सिजनच्या पिशव्यांत माल देशभर जातो. माझेही असेच कुठल्या तरी फार्मचे असणार. त्यात वाईट काहीच नाही. उलट फार्मचे मासे आपल्या पाण्याला लवकर रुळतात. फक्त फार्मच्या माशाला तलावातल्या माशाचा भाव का द्यायचा?

आता पाणी. खडकवासला धरणातून येणारं आपलं नळाचं पाणी पावसाचं, मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. मलावीचं पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट; पीएच साधारण 7.7 ते 8.6. त्यासाठी दुकानदाराने ‘मलावी सॉल्ट’ची तीनशे रुपयांची लेबल नसलेली पिशवी दिली. थोडं जिभेवर ठेवून बघा म्हणालो असतो तर त्याचंच तोंड वाकडं झालं असतं, कारण ते साधं जाडं मीठ होतं. मलावी खारा तलाव नाही. तिथल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. मिठाने केएच, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, वाढत नाही. मी थेंबांच्या किटने तपासलं (रंग बदलायला जितके थेंब लागतात तितके अंश केएच): मीठ घालण्याआधी दोन थेंबांत निळ्याचं पिवळं झालं, घातल्यानंतरही दोनच थेंबांत. तेच पन्नास लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे सहा ग्रॅम, खाण्याचा सोडा घातला तर केएच चार अंशांनी वाढतो. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट. दोन्ही किराणा आणि औषधाच्या दुकानात मिळतं.

पण सोडा लगेच ओतू नका. मीही ओतणार होतो, दादाने हात धरला. टाकी लावली त्याच दिवशी दुकानदाराने ‘इन्स्टंट बॅक्टेरिया’ची बाटली ओतून “चोवीस तासांत रेडी” म्हणत मासे सोडले होते. खरं तर फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे पुरेसे बॅक्टेरिया बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तोवर माशांच्या घाणीचा अमोनिया साठत राहतो. हा अमोनिया कमी पीएचला बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच वाढला की विषारी रूप वाढतं: 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना अर्धा टक्का, 8.2 झाला की आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेच पाणी पंधरापट घातक. म्हणून आधी पाणी बदलून अमोनिया शून्यावर आणला, मगच थोडाथोडा सोडा. एवढी साधी माहिती हजारो रुपयांचा माल विकणाऱ्याने द्यायला नको?

टाकीची गोष्ट वेगळीच. चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटर पाणी, अडीचशे किलो वजन. कोटेशनमध्ये बारा एमएम काच लिहिली होती. टाकीच्या वरच्या कडेला काळी प्लॅस्टिकची पट्टी चढवलेली, ‘फिनिशिंग’साठी. ती पट्टी काच लपवण्यासाठी आहे हे मला कळलं तेव्हा टाकी भरून झाली होती. समोरची काच मधोमध फुगलेली वाटली म्हणून पट्टी उचकटली आणि जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. आठ एमएम. वर काचा धरून ठेवणाऱ्या आडव्या काचपट्ट्या नाहीत, खाली तळाला आधार म्हणून थर्माकोल नाही. अशी टाकी दिवाणखान्यात फुटली तर खालच्या मजल्यावरच्यांचीही माफी मागावी लागेल. टाकी घरी आली की पाणी भरण्याआधी कड उघडी करून मोजून घ्या. त्यावर विक्रेता नाराज झाला तर तिथेच उत्तर मिळालं.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा तोंडी आणि लेखी शब्दातला फरक नीट कळला. माशांचं बिल होतं ‘फिश असॉर्टेड, 16 नग’. पीकॉक हा शब्द नाही, नर नाही, वाइल्ड तर नाहीच. “लाइव्ह स्टॉकला गॅरंटी नसते सर, आणि मी असं बोललोच नव्हतो.” काचेचं मात्र व्हॉट्सअॅपवर लेखी होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर तक्रार टाकतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातो म्हटल्यावर सूर बदलला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही हेही सांगितलं. काचेच्या फरकाचे पैसे त्याने मुकाट्याने मोजले. माशांचा एक रुपयाही नाही. तुम्ही घेताना बिलावर जातीचं नाव, नर-मादी आणि नग लिहून मागा. लिहायला नको म्हणाला तर त्याच्या तोंडच्या शब्दाची किंमत त्यानेच सांगितली असं समजा.

टाकीला आता वर काचेच्या आडव्या पट्ट्या लावून घेतल्या आहेत, ऑरेटस आणि केनयी दुसऱ्या माणसाच्या मोठ्या टाकीत गेले. दादाकडून सहा पिल्लं आणली, एकशेवीस रुपयांना एक, सगळी राखाडी. त्यातले नर किती, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, “मला तरी काय माहीत? अडीच इंचांचे होऊ द्या, मग बघू.”