लाल शंकूच्या फिल्टरने गाडी पळत नाही, इंजिन झिजतं: इंदुरातला एक प्रकार

राऊहून रोज पीथमपूरला कामावर जाणाऱ्या एका तरुणाच्या १५० सीसी कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या मोटरसायकलला इंदुरातल्या एका दुकानात लाल शंकूसारखा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर बसवून दिला. “ओरिजिनल है भिया, पिकअप बढ़ जाएगा,” एवढ्यावर सौदा. बिल नाही. मूळ एअरबॉक्स, म्हणजे कंपनीचा हवेच्या फिल्टरचा डबा, ‘आता काय कामाचा’ म्हणून दुकानातच राहिला.

गाडीचा आवाज वाढला, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटली. खरं तर एअरबॉक्स हवा खेचण्याचा आवाज दाबतो. तो काढला की घोंघावा ऐकू येतो, एवढंच. उलट बॉक्सचं आकारमान त्या इंजिनासाठी ठरवलेलं असतं आणि तो तुलनेने थंड हवा घेतो. उघडा शंकू इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो.

फिल्टरही नकली निघाला. अस्सल सुती फिल्टरमध्ये तारेच्या दोन जाळ्यांमध्ये सुती जाळीचे थर असतात आणि ते खास तेलाने भिजवलेले असतात. पांढरा कागद दाबला तर लालसर तेलकट डाग उमटतो. इथे नुसता लाल रंगवलेला पातळ कपडा होता. बल्बसमोर धरला तर घड्यांच्या टोकांशी टाचणीएवढी उघडी भोकं दिसली. तोंडाचं माप कार्ब्युरेटरपेक्षा मोठं, म्हणून रबराची पट्टी गुंडाळून क्लिप आवळलेली. धूळ आत जायला हीच वाट पुरते. धुळीतली वाळू सिलिंडर आणि रिंगा घासते, कॉम्प्रेशन उतरतं आणि निळा धूर सुरू होतो. तेव्हा बोअरचं (सिलिंडर घासून दुरुस्त करण्याचं) काम निघतं, म्हणजे फिल्टरच्या कितीतरी पट खर्च.

त्याआधीच गाडी तीनचतुर्थांश थ्रॉटलला मिसिंग मारायला लागली, थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट. प्लगचं टोक पांढरं. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग ‘ट्यूनिंग’चे वेगळे पैसे घेऊन कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू फिरवला गेला. हा स्क्रू फक्त आयडलपासून (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) साधारण पाव थ्रॉटलपर्यंत काम करतो. मधल्या टप्प्यावर कार्ब्युरेटरमधल्या सुईची उंची आणि पूर्ण थ्रॉटलवर मेन जेट (पेट्रोल सोडणारं मापाचं छिद्र) बघावा लागतो. जेट न बदलता ‘ट्यूनिंग झालं’ म्हणणारा पैसे फुकट घेतो. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ इंजेक्शन गाड्यांत याच जागी ‘ईसीयू रिसेट’ (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं रिसेट) विकतात. बॅटरीची तार काढल्याने फार तर त्या कॉम्प्युटरने चालता चालता शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात, किती पेट्रोल सोडायचं याचा मूळ तक्ता तोच राहतो.

सगळ्यात वाईट काम ब्रीदर पाइपचं. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) निघून एअरबॉक्सला जोडलेली ही नळी बोल्ट ठोकून बंद केली होती. इंजिनातला दाब अडला आणि सीलमधून तेल झिरपू लागलं. शंकू लावायचाच असेल तर या नळीला छोटा वेगळा फिल्टर लागतो. ती बंद कधीच करू नये.

मालव्याच्या धुळीत आणि पावसात रोजच्या गाडीला आमचं मत स्पष्ट आहे: एअरबॉक्स तसाच ठेवा आणि त्यात बसणारा, त्या मॉडेलचाच फिल्टर घ्या. कडेचं रबर मऊ हवं, बसल्यावर चारी बाजूंनी सारखं दाबलं जायला हवं. दोनतीनशे किलोमीटरनंतर फिल्टर काढून इंजिनाकडची नळी पांढऱ्या कपड्याने आतून पुसा. कपड्यावर बारीक कच दिसली तर गाडी चालवू नका. सुती फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, त्यावर इंजिन ऑइलही ओतू नका.

शंकू आधीच लागला असेल तर बॉक्स, ब्रीदर नळी आणि मूळ फिल्टर परत बसवा. जेट बदलले असतील तर मूळ नंबरचे घाला, मग प्लगचा रंग आणि कॉम्प्रेशन तपासा. खरेदीला जाताना जीएसटी क्रमांक, ब्रँड आणि पार्ट नंबर लिहिलेलं बिल मागा, काढलेले सगळे भाग पिशवीत घालून घरी आणा. माल नकली निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार होते. तिथेही ते बिलच कामी येतं.