पणजी-जुनं गोवं-फोंडा मराठी टूर: चर्चसाठी जरूर घ्या, देवळांसाठी नको

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि ते साडेतीनही जेवणाच्या आधीचे.

सांगलीहून मावशी आणि काका आलेले, त्यांना बीचचा कंटाळा, आणि मी डिचोलीची असून जुन्या गोव्याबद्दल कोणी विचारलं तर "हे मोठं चर्च, ते पण मोठं चर्च" ह्यापुढे माझी गाडी जात नाही, म्हणून ही टूर बुक केली. एसी बस वेळेवर आली, गाइड स्वच्छ मराठी बोलतो, मध्येच हिंदीत घुसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना सावली बघून उभं करतो हे मला फार आवडलं.

सुरुवात पणजीत जुन्या सचिवालयाजवळ, आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. हे संमोहनवाले म्हणून सगळ्यांना माहीत, पण काकांनी विचारलं "आबे हे काय नाव?" तर गाइड म्हणाला नाव नाही हो, पदवी आहे, मुळात मठाच्या मुख्याची, पण फ्रान्समध्ये साध्या पाद्रींनाही तसंच म्हणायचे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले फारिया कुठल्याच मठाचे मुख्य नव्हते. आणि मग त्याने सांगितलं की दिवसभर कुठलीही पदवी कानावर पडली की एकच तपासायचं, ही दीक्षा आहे, नेमणूक आहे, की नुसता मान आहे? ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल, खरंच सांगते.

कारण से कॅथेड्रलपाशी आल्यावर सगळं आपोआप सुटत गेलं. दीक्षेच्या पायऱ्या तीनच, डीकन, पाद्री आणि बिशप. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, पण मीस (चर्चमधली मुख्य उपासना) साजरी करू शकत नाही, ती पाद्रीच करणार. आर्चबिशप ही चौथी दीक्षा नव्हे, तो बिशपच, फक्त मोठ्या धर्मप्रांताचा. कार्डिनल तर पोपने नेमायचे, आणि ऐंशीच्या आतले असतील तर नवा पोप निवडायला त्यांना मत. आपले आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव २०२२ मध्ये कार्डिनल झाले आणि २०२५ च्या निवडीत होते, म्हणजे एकाच माणसाची दीक्षा बिशपची, काम आर्चबिशपचं, वर कार्डिनल, आणि शिवाय गोव्याच्या आर्चबिशपला १८८६ पासून ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क हा किताब आहे तोही, त्यामागे जास्तीची सत्ता काही नाही. मॉन्सिनॉरही तसंच, पोपने दिलेला मान, दुसऱ्या दिवशी काम तेच. मावशी म्हणाली आमच्या बँकेत पण असे होते एक.

इमारतींचंही तेच. बिशपचं आसन जिथे ते कॅथेड्रल, म्हणून से (से म्हणजे आसनच). (राहतात ते पणजीला आल्तिनोवर, ती गोष्ट वेगळी.) समोरचं बॉम जेझूस आमच्या घरी कायम "मोठं" म्हणून ओळखलं गेलं, पण ते बॅसिलिका, आणि हा मान पोपने १९४६ मध्ये दिलेला. आत ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर कधीच बिशप नव्हते, जेझुइट ह्या संघाचे पाद्री, पोपचे दूत म्हणून आलेले, आणि तरी लोकांसाठी गोंयचो सायब (गोव्याचे साहेब) तेच. गावातल्या चर्चचा मुख्य तो विगार, त्याच्या हाताखालचा कूर, आणि ब्रदर म्हणजे लहान फादर नव्हे, त्याची पाद्रीची दीक्षाच झालेली नसते. आपले मराठी पेपर ह्या सगळ्यांना सरसकट "धर्मगुरू" लिहून मोकळे होतात.

आता तक्रार. जेवण झालं आणि गाइडची बॅटरी संपली. फोंड्याकडच्या मंगेशी आणि कवळ्याच्या देवळांत सगळे "पुजारी". अरे बाबा, सकाळचीच कसोटी इथे लाव ना! देवळात पूजा करणारे भट संसारी, काम बहुतेक घराण्यातून चालत आलेलं. कवळे मठाचे स्वामी संन्यासी, घर सोडलेले, गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली गादी, ते कुठल्या देवळाचे पुजारी नव्हेत. महाजन तर पूजेतलेच नव्हेत, ते देवस्थान चालवणारे, १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याने बांधलेले हक्क, निवडणुका, सगळं. आणि गावच्या देवळात परंपरेने सेवा करणारे गुरव, घाडी, जल्मी ह्यांचं काय? मी विचारलं तर "हो तेच ते" म्हणाला. तेच ते नाही हो.

साफा मशीद (१५६० ची, तलाव सुंदर) तर फोटोपुरतीच. नमाज पढवतो तो इमाम, शिकलेला विद्वान तो मौलाना, कुराण पाठ असलेला हाफिज, आणि चर्चसारखी दीक्षा इथे नसतेच, एवढी दोन वाक्यं तरी बोलायला काय हरकत होती? बसमध्ये काकांना मीच सांगितलं.

हाफ डे ऑप्शन असेल तर तोच घ्या, आणि नसेल तर सुरू करा ही विनंती. रविवारी सकाळी जाऊ नका, मीस चालू असते तेव्हा आत हिंडता येत नाही. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. जेवण पैशात धरलेलं नाही, हे बुकिंग करताना स्पष्ट सांगत नाहीत.