मुंबई, पुणे की नागपूर? पोरीला कुठे पाठवायचं

ताईचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "तू तिन्हीकडे राहिलायस. खरं सांग, पोरीला कुठे पाठवू?" भाचीच्या हातात तीन नोकऱ्या आहेत. एक मुंबईत अंधेरीला, दुसरी पुण्यात हिंजवडीला, तिसरी नागपूरला मिहानमध्ये. पगारात उन्नीस-बीसचा फरक. यवतमाळच्या घरात यावरून तीन पक्ष पडलेत. भाऊजी नागपूरच्या बाजूने, कारण रात्री-अपरात्री काही झालं तर गाडी काढून पोचता येतं. भाची मुंबईच्या बाजूने, कारण ती बावीस वर्षांची आहे. आणि ताईचं म्हणणं, जिथे गुन्हे कमी तिथे. तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर सुरक्षित शहरांची एक यादीही पाठवली. देशात पुणं तिसरं.

यादी खोटी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे सगळे ज्याला एनसीआरबी म्हणतात तो, दरवर्षी २० लाखांवर वस्ती असलेल्या १९ महानगरांचा वेगळा तक्ता देतो. महाराष्ट्रातली त्यात तीनच शहरं: मुंबई, पुणे, नागपूर. नाशिक, सोलापूर, संभाजीनगर यांची नावं त्यात शोधू नका. २०२३ च्या तक्त्यात दर लाख वस्तीमागे दखलपात्र गुन्हे कोलकात्यात ८३.९, हैदराबादेत ३३२.३, पुण्यात ३३७.१ आणि मुंबईत ३५५.४. नागपूर या दोघांच्या वर. म्हणजे ताईच्या हिशेबाने पुणे पहिलं, मुंबई दुसरी, नागपूर तिसरं. विषय संपला.

पण त्याच तक्त्यात कोचीचा आकडा ३१९२.४ आहे. कोलकात्याच्या अडतीस पट. आता कोचीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, कोलकात्यापेक्षा अडतीस पट भीती वाटली का म्हणून. केरळात पोलीस ठाण्यात गेलं की गुन्हा नोंदवला जातो, हे त्या आकड्यामागचं मोठं कारण. हा तक्ता मोजतो ते नोंदवलेले गुन्हे. घडलेले किती, ते त्यावरून कळत नाही. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हेगारी वाढली असं समजू नका, हे एनसीआरबी स्वतःच अहवालात बजावते. ती ओळ मात्र फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

पुण्याचंच बघा. २०२१ ला दर २५६.८ होता, २०२२ ला २८०.७, २०२३ ला ३३७.१. दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांश वाढ, तरी यादीतलं स्थान भक्कम. यातला काही भाग लॉकडाऊन उठल्याचा असणार. आणि पुणे-मुंबईत फरक किती, तर लाखामागे अठरा गुन्ह्यांचा. एवढ्या फरकावर पोरीचं शहर ठरवायचं असेल तर नाणं उडवलेलं काय वाईट?

हद्दीचा घोळ

नोंद होणं म्हणजे काय ते मला मुंबईत कळलं. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमधून उतरताना खिशातला फोन गेला. पुलाखालच्या पोलीस ठाण्यात गेलो (ठाण्याचं नाव सांगत नाही), तर ठाणे अंमलदार म्हणाले, गाडीत गेला ना, मग रेल्वे पोलिसांकडे जा. तिकडे गेलो तर त्यांनी विचारलं, गाडीत गेला की पुलावर? तुम्हाला नक्की आठवतंय का? शेवटी दीड तासाने हातात जो कागद आला त्यावर ‘गहाळ’ असा शब्द होता. चोरी नाही, गहाळ. सिमकार्ड परत मिळवायला तेवढा कागद पुरला. माझ्या लेखी चोरी झाली, सरकारी दप्तरात मी वेंधळा.

पण या दीड तासात एक गोष्ट शिकलो. मुंबईच्या लोकलमधला गुन्हा मुंबई शहर पोलिसांच्या दप्तरी जातच नाही. लोहमार्ग पोलिसांचं आयुक्तालय वेगळं. मुंबईकर दिवसाचे दोन-तीन तास ज्या जागी काढतो, तिथली चोरीमारी शहराच्या खात्यावर पडत नाही.

दुसरा घोळ लोकसंख्येचा. हे सगळे दर अजून २०११ च्या जनगणनेवर काढतात, कारण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. मुंबईसाठी तक्त्यात धरलेली वस्ती १८४.१ लाख. बृहन्मुंबई महापालिकेची त्या वेळची वस्ती होती १ कोटी २४ लाख. वरचे साठ लाख ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरकडचे, आणि तिथले पोलीस आयुक्त वेगळे. पुण्याच्या ५०.५ लाखांत पिंपरी-चिंचवड धरलेलं आहे, आणि २०१८ च्या १५ ऑगस्टपासून तिथेही स्वतंत्र आयुक्तालय आहे. भाचीची कंपनी हिंजवडीत, म्हणजे ती पुण्यात नोकरी करणार असं आपण म्हणतो, पण तिची तक्रार जाणार पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे. ‘पुणे सेफ आहे का’ हा प्रश्न तिच्यापुरता अर्धा चुकीचाच.

नागपूरचा खून, पुण्याचा कोयता

मी नागपूरचा. त्यामुळे ‘क्राइम कॅपिटल’ हा शिक्का डोक्यात जातो, पण तो हवेतून पडलेला नाही. खुनाच्या दरात नागपूर महानगरांच्या यादीत वारंवार वरच्या नंबरांत आलंय. त्याच तक्त्यात मुंबईची वस्ती नागपूरच्या सातपट आहे, पण मुंबईतले खून काही नागपूरच्या सातपट नाहीत.

तरी बाहेरगावहून आलेल्या मुलीला त्या दराने काय फरक पडतो, हे वेगळं विचारायला हवं. देशभरात खुनाची कारणं मांडतात त्यात सर्वांत वर ‘वाद’ आणि त्यामागे ‘वैयक्तिक वैर’ असतं. नागपूरचा पेपर उघडला की तेच दिसतं. जुनी खुन्नस, दारूच्या बैठकीत निघालेला चाकू, उधारी, दोन टोळ्यांचा हिशेब. मेलेला आणि मारणारा एकमेकांना ओळखून असतात. संध्याकाळी सहाला मिहानमधून कंपनीच्या गाडीने मनीषनगरला उतरणारी मुलगी या हिशेबात कुठेच बसत नाही. तिला नागपुरात त्रास होईल तो दुसराच. थंडीत रात्री साडेनऊला गल्ल्या ओस पडतात, मेट्रो ठरावीक रस्त्यांवरच आहे, आणि स्वतःची दुचाकी नसेल तर माणूस अडकतो. रात्री अडकलेल्या बाईला घरी सोडायची सोय नागपूर पोलिसांनी २०१९ च्या डिसेंबरात सुरू केली, ती उगाच नाही. घर घ्यायचं असेल तर प्लॉटची फसवणूक हे नागपूरचं जुनं दुखणं, म्हणून तिथे लग्नाच्या बोलणीतही "आरएल आहे का?" (म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं रिलीज लेटर) विचारतात. पण भाची भाड्याने राहणार, तो विषय पुढे कधीतरी.

पुण्याचं गणित उलटं. इथे एकूण दर कमी, पण भीती नव्या प्रकारची. हातात कोयता घेऊन गल्लीत उभ्या गाड्या फोडत जाणारी, मिसरूडही न फुटलेली पोरं. त्यांची कुणाशी दुश्मनी नसते, परिसरात दहशत बसवायची असते, आणि मग काच फुटते ती भलत्याचीच. नागपूरच्या खुनापेक्षा मला हे जास्त अस्वस्थ करतं, कारण यात अनोळखी माणूस सापडतो. २०२४ च्या ऑक्टोबरात बोपदेव घाटात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणींवर जे बलात्कार झाले, त्यानंतर ‘पुण्यात पोरी रात्री बाराला बिनधास्त फिरतात’ हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखं निघत नाही.

मुंबईलाही शक्ती मिलमधला २०१३ चा सामूहिक बलात्कार विसरता येत नाही. साकीनाक्याचा २०२१ चा बलात्कार आणि खून सुद्धा. पण मुंबईकडे एक गोष्ट आहे जी बाकी दोघांकडे नाही, ती म्हणजे रात्रीची माणसं. साडेअकराला अंधेरी स्टेशनबाहेर भुर्जीपाववाला, रिक्षाची रांग, ड्युटीवरून सुटलेल्या नर्स, हॉटेलातली पोरं. महिला डब्यात रात्री वर्दीतला माणूस असतो. कुणी कुणाकडे बघत नाही, पण ओरडलं तर ऐकायला पन्नास जण आहेत.

गुन्ह्याबाहेरचं मरण

ताईच्या यादीत एक खाना नाहीच. मुंबईत वर्षाला खून शंभर-दोनशेच्या दरम्यान होतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वगैरे मरणारे दरवर्षी दोन हजारांच्या वर असतात. हे गुन्हे नाहीत, त्यामुळे सुरक्षित शहरांच्या यादीला त्यांची खबर नाही. भाचीला मी चाकूची भीती घातली नाही. दारात लटकायचं नाही, गाडी सोडायची, एवढंच तीनदा सांगितलं.

पुण्यात आणि नागपुरातही तेच. रस्त्यावर मरणाऱ्यांपुढे खुनाचे आकडे लहान दिसतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रक अंगावर येतो तेव्हा शहराचा गुन्हे-दर काय कामाचा? हिंजवडीत दुचाकीवरून रोज जायचं म्हटलं की मला कोयत्याआधी सिमेंटचा मिक्सर आठवतो. नागपुरात रस्ते रुंद, म्हणून वेग जास्त, आणि हेल्मेट आरशाला लटकवायची पद्धत.

सायबर फसवणुकीचा मुद्दा मी चटकन सोडतो, कारण त्याला शहर नाही. खोट्या पोलिसांचा ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन यवतमाळातही येतो. पैसे गेले तर पहिल्या तासात १९३० ला फोन, बस.

मग कुठे?

शहराचा आकडा बाजूला ठेवून आम्ही एका रविवारी वेगळं काम केलं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर प्रसिद्ध करतात, पोलीस ठाणं आणि तारीख निवडली की उघडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे ही सोय झाली. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यात टाकत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. बाकी सगळं दिसतं. भाचीने ज्या तीन ठिकाणी खोली बघितली होती, त्या त्या ठाण्याचे मागचे दोन महिने वाचत बसलो. कंटाळवाणं काम, पण शहराच्या तक्त्याने जे सांगितलं नाही ते यातून कळायला लागतं. गाड्या सोसायटीच्या आतून जातायत की रस्त्यावरून, सोनसाखळी सकाळी फिरायला गेलेल्या आजींची जाते की संध्याकाळी, घरफोडी तळमजल्यावर होते की कुठेही. एफआयआरची मराठी मजेशीर असते, "यातील फिर्यादी हे वरील पत्त्यावर सहकुटुंब राहत असून" अशी सुरू होते, आणि चौथ्या ओळीपर्यंत आपल्याला त्या गल्लीची भूगोल-नागरिकशास्त्रासकट ओळख होते.

माझं मत ताईला मी स्पष्टच सांगितलं. एकट्या मुलीला, संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या नोकरीसाठी, मुंबई. अट एकच, खोली पश्चिम रेल्वेवरच घ्यायची, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत, मग ती कितीही खुराड्याएवढी असो. भाडं जास्त जाईल, ते उजेडाचं आणि गर्दीचं भाडं. ऑफिस अंधेरीला आणि खोली स्वस्त मिळते म्हणून डोंबिवलीला, असं होणार असेल तर मुंबई नको.

पुणे चालेल, पण मग राहायचं हिंजवडी-वाकडकडेच. ‘डेक्कन बरं, आपली माणसं आहेत’ म्हणून रोज तिकडून ये-जा करायची नाही. आणि कंपनीची कॅब दारापर्यंत सोडते की चौकात, हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारायचं.

नागपूर मी तिसरं ठेवलं. खुनामुळे नाही. गाडीशिवाय तिथे रात्री हलता येत नाही, आणि भाचीला गाडी चालवता येत नाही. उद्या ती लग्न करून, दोन पोरं घेऊन हाच प्रश्न विचारेल तर माझी यादी उलटी असेल. शाळा जवळ, रस्ता मोकळा, घर मोठं, आजोळ दोन-अडीच तासांवर.

भाऊजी अजून फुगलेले आहेत. भाची पुढच्या आठवड्यात जोगेश्वरीची एक खोली बघायला जातेय. तिला म्हटलं, रविवारी दुपारी जाऊ नकोस, मंगळवारी रात्री साडेनऊनंतर जा. स्टेशनपासून चालत. वाटेतलं मेडिकल किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचार, आणि तेवढ्या वाटेत बायका किती दिसल्या ते मोजून मला फोन कर.