नोकरी आणि डोंगर यांसाठी एकच 28 लिटरची सॅक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

बडोद्यात राहून आठवडाभर स्कूटरने मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणे-येणे, सुटीच्या दिवशी पावागड आणि जमेल तेव्हा सह्याद्रीतला एखादा किल्ला, एवढ्या सगळ्याला एकच सॅक पुरते का, हे पाहण्यासाठी मी ती घेतली. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तीच सॅक पुढच्या वर्षी वेगळ्या नावाने आणि थोड्या फरकाने बाजारात येते. रचना सांगितली, तर ती कोणत्याही दुकानात कोणत्याही सॅकवर पडताळून पाहता येते. अंगाला 210 डेनियरचे आणि बुडाला 420 डेनियरचे नायलॉन (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप, आकडा मोठा तसा धागा जाड), पाठीला फोम, काढता येणारा कंबरपट्टा, बुडाच्या कप्प्यात पावसाळी कव्हर, रिकामे वजन किलोभर आणि किंमत चार हजारांच्या आत, असे तिचे स्वरूप आहे.

लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. त्याच्या मापनाची एक अमेरिकी मानक पद्धत आहे आणि तीत 20 मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे चेंडू कप्प्यांत भरून घनफळ काढतात, पण प्रत्येक उत्पादक तीच पद्धत वापरतो असे नाही. त्यामुळे एकाची 25 लिटरची सॅक दुसऱ्याच्या 28 लिटरच्या सॅकपेक्षा मोठी निघू शकते. लॅपटॉप, जेवणाचा डबा, बाटली आणि रेनकोट भरल्यावर माझ्या सॅकमध्ये वाटेत घेतलेल्या भाजीपुरती जागा उरते. डोंगरावर जाताना तीन लिटर पाणी, खाणे, जादा शर्ट, टॉर्च आणि औषधांची पिशवी यांत ती नीट भरते. याहून मोठी घेतली, की रोज निम्मी रिकामी सॅक पाठीवर लोंबत राहते आणि आतले सामान बुडाशी गोळा होते.

लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची आहे आणि दुकानात नेमकी तीच कोणी मोजत नाही. मान पुढे झुकवल्यावर तिच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे ही लांबी. घरी शिवणकामाची टेप आणि दुसरे एक माणूस असले, की मिनिटभरात काम होते. उंचीवरून तिचा अंदाज बांधता येत नाही. माझ्यापेक्षा चांगल्या चार बोटे उंच असलेल्या मित्राची पाठ माझ्याहून आखूड निघाली, कारण त्याची उंची पायांत आहे. पत्नीच्या पाठीवर हीच सॅक ठेवली, तेव्हा कंबरपट्टा हाडावर न बसता खाली मांड्यांच्या सांध्यावर आला आणि पाऊल उचलताना घासू लागला. तिने त्याच सॅकचे लहान माप घेतले आणि तिची तक्रार संपली. ज्या सॅकमध्ये एकच माप मिळते, तिथे निदान खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवण्याची सोय आहे का, ते पाहावे.

कंबरपट्ट्याबद्दल बरेच उलटसुलट बोलले जाते. लॅपटॉप आणि डबा मिळून चार किलो असतील तर त्याची गरज नाही. शिवाय स्कूटरवर बसल्यावर सॅकचे बूड सीटला टेकते, त्यामुळे पट्टा पोटात रुतण्याखेरीज काही करत नाही. सहा-सात किलोंच्या पुढे मात्र तो हवाच, कारण खांद्यांवरचा बराचसा भार तो कमरेच्या हाडावर उतरवतो. तो हाडाच्या वर, पोटावर बांधला तर हा उपयोग होत नाही आणि श्वास तेवढा कोंडतो. माझ्या सॅकचा पट्टा दोन्ही बाजूंच्या फटींतून ओढून काढता येतो. सोमवार ते शुक्रवार तो कपाटात असतो. नुसता कापडी पट्टा असेल तर तो सॅक हलू देत नाही इतकेच. भार उतरवायला त्याला फोमचे पंख लागतात.

आता ज्या एका गोष्टीवरून मी ही सॅक निवडली, ती म्हणजे पाठीलगतचा कप्पा. वजनदार वस्तू पाठीला जितकी चिकटून आणि जितकी खांद्यांच्या पात्यांच्या आसपास राहील, तितकी ती माणसाला मागे कमी ओढते. शहरात सर्वांत जड वस्तू लॅपटॉप असते, डोंगरावर पाणी. एका लिटरला सरळ एक किलो. दोन्ही वस्तू एकाच जागी बसायला हव्यात, हे सॅक शिवणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. ऑफिसच्या बॅगांत बाटल्या फक्त बाजूच्या जाळीत जातात, ट्रेकिंगच्या सॅकमध्ये लॅपटॉपला आधार नसतो. माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ सॅकच्या बुडापासून दोन बोटे वर शिवलेला आहे, म्हणून सॅक फरशीवर आपटली तरी लॅपटॉप आपटत नाही. त्याच कप्प्यात वरच्या बाजूला एक आकडी आणि नळीसाठी भोक आहे, तिथे दोन लिटरची पाण्याची पिशवी टांगता येते. दुकानात सॅक रिकामी घालून आरशात पाहण्यापेक्षा घरून दोन भरलेल्या बाटल्या न्याव्यात, त्या या कप्प्यात ठेवाव्यात आणि जिना चढून-उतरून पाहावा. दुकानदार नाराज होत नाहीत, गमतीने पाहतात.

पावागड बडोद्यापासून साधारण 50 किलोमीटरवर आहे आणि मैदानातून एकदम सुमारे 800 मीटरपर्यंत उठतो. आपली विश्वामित्री नदी त्याच डोंगरात उगम पावते. माचीपर्यंत वाहन जाते, तिथून वर पायऱ्या आहेत. मी मात्र शक्यतो चांपानेरच्या बाजूने जुन्या दरवाजांतून पायवाटेने चढतो. फोमची पाठ आणि ताणलेल्या जाळीची पाठ यांतला फरक मला तिथे नीट कळला. उन्हाळ्यात फोममागचा शर्ट पिळण्याइतका भिजतो, मधल्या उभ्या खाचेने थोडाच दिलासा मिळतो. जाळीची सॅक घेतलेल्या मित्राची पाठ त्या मानाने कोरडी राहते. पण जाळी ताणून धरण्यासाठी आतली चौकट वाकवलेली असते, त्यामुळे आतली जागा कमानीसारखी होते, लॅपटॉप तिरका बसतो आणि सगळे वजन चार-पाच सेंटिमीटर मागे सरकते. उतरताना ते जाणवते. साल्हेर किल्ल्याच्या (1567 मीटर) कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर तो हात टेकत उतरत होता. घाम मी सहन करीन, मागे ओढणारी सॅक नाही. ज्याला फक्त पठारावर चालायचे आहे, त्याने खुशाल जाळी घ्यावी.

पावसाचा अनुभव संमिश्र आहे. कव्हर पुढून आणि बाजूंनी पाणी थोपवते, पण पाठीकडची बाजू उघडी असते. रेनकोटवरून ओघळणारे पाणी फोममध्ये मुरते आणि शिवणीतून आत येते. स्कूटरवर वेगात कव्हर फुगते, ते वेगळेच. कापड जलरोधक असले तरी सुईची भोके आणि चेन जलरोधक नसतात. म्हणून जुलैपासून आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी कायम ठेवली आहे आणि त्यानंतर काही भिजलेले नाही. कव्हर ओलेच कप्प्यात कोंबल्यास कुबट वास येतो. घरी आल्यावर ते दोरीवर टाकावे. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू चिकट होऊन सोलवटतो, त्यामुळे सॅक धुतल्यावर पूर्ण वाळू देणे भाग आहे. मी ती बादलीत साध्या साबणाने धुतो आणि सावलीत उलटी टांगतो. पट्ट्यांवरचे घामाचे पांढरे डाग एवढ्याने जातात.

बुडाचे जाड कापड सीटवर घासूनही टिकले आहे, रंग थोडा उतरला इतकेच. बाजूच्या बाटलीच्या जाळीचे रबर सैल पडले आहे आणि मी वाकलो की स्टीलची बाटली घसरते. मुख्य चेनही मध्यंतरी बंद करून मागून उघडू लागली होती. दाते शाबूत होते, रनरची फट वाढली होती. मंगळबाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पकडीने तो दोन्ही कडांना हलकेच आवळून दिला आणि 20 रुपये घेतले. हे काम घरीही होते, मात्र जोर बेताने लावावा, कारण रनर तडकला तर नवा घालावा लागतो.

वॉरंटीचा अनुभव चांगला नाही. छातीच्या पट्ट्याचे बक्कल दारात अडकून तुटले, तेव्हा उत्पादकाने ते नेहमीच्या झिजेत मोडते असे कळवले आणि सुटे बक्कल विकायलाही नकार दिला. पट्टा प्रमाणित 20 मिलिमीटर रुंदीचा असल्याने त्याच कारागिराकडे जुळणारे बक्कल मिळाले. रंग काळ्याऐवजी राखाडी आहे. काही सॅकचे पट्टे वेगळ्याच रुंदीचे असतात आणि त्यांची बक्कले बाहेर मिळत नाहीत, म्हणून घेण्यापूर्वी पट्टीने रुंदी मोजावी आणि 15, 20 किंवा 25 मिलिमीटर भरली तरच पुढे जावे.