समुद्रकाठचा मुक्काम: जुन्या वास्तूतलं हॉटेल की घरगुती निवास?

मैत्रीण दोन ठिकाणांत अडकली आहे. एक जुन्या दगडी वास्तूतलं हॉटेल, दुसरं बंदरालगत एका कुटुंबाने चालवलेलं पाच खोल्यांचं निवास. फोटो दोन्हीकडचे सुंदरच, ते बाजूला ठेवू.

आधी ओल बघायची, कारण सुट्टीचा विरस तिथेच होतो. जाड दगडी भिंतींतून उष्णता सावकाश आत येते, म्हणून दुपारी खोली गार राहते. पण डागडुजीत चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर ओल भिंतीत कोंडते आणि गादीलाही कुबट वास येतो. खोलीला आरपार वारा आहे का, हे नक्की विचार. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बहुधा जमिनीकडून. नुसती समुद्राकडची खिडकी रात्री फारशी उपयोगाची नाही. लहान घरगुती खोलीलाही हाच प्रश्न लागू.

जिन्याचंही बघ. जुन्या वास्तूत उत्तम दृश्य सगळ्यात वर असतं आणि लिफ्ट बहुधा नसते.

आवाजात मात्र बंदर हरतं, बोटींची इंजिनं पहाटेच सुरू होतात. पण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि उद्या पाण्यात कधी उतरावं हे घरचीच माणसं नीट सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

दोघांनाच निवांत वाचत बसायचं असेल तर वास्तू घ्या. मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर घरगुती निवास, तळमजल्यावरची मागची खोली.