बोटावरचा ऑक्सिमीटर: दमेकऱ्याच्या नजरेतून

दमा लहानपणापासूनचा आणि त्यात गेल्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झालेली, म्हणून मी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घेतला. चार महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की रक्तातल्या ऑक्सिजनच्या ज्या आकड्यासाठी हे यंत्र विकले जाते, त्यापेक्षा शेजारचा नाडीचा आकडा दमेकऱ्याला अधिक काही सांगून जातो.

एका रात्री छातीत घरघर वाजत होती, एक वाक्य पुरे करताना दोनदा थांबावे लागत होते, तरी पडद्यावर ऑक्सिजन 96 टक्केच होता. यात यंत्राचा दोष नव्हता. श्वासनलिका आवळल्या तरी शरीर श्वासाचा वेग वाढवून ऑक्सिजन बराच वेळ टिकवून धरते, त्यामुळे हा आकडा घसरू लागतो तेव्हा झटका पुष्कळ पुढे गेलेला असतो. स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या नळीतून) सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ घेतल्यावर मात्र नाडी 88 वरून 106 वर गेली आणि बोटांना बारीक कंप सुटला. हे औषध श्वासनलिकांतील ज्या बीटा-2 ग्राहींवर (पेशींवरच्या, औषधाला प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरवर) काम करते, ते थोड्या प्रमाणात हृदयातही असतात. रक्तदाबाची गोळी लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी दम्याची इतकी खोदून चौकशी का केली, तेही तेव्हा उमगले. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबावर दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे हेच ग्राही अडवून श्वासनलिका आवळू शकतात.

उणिवाही आहेत. बोटे गार असली किंवा नखांना गडद रंग लावलेला असला की आकडे भरकटतात, आणि दर वेळी वाजणारी पिपाणी बंद करण्याची सोय नाही. नाडीचा आकडा सरासरीचा असल्याने ठोक्यांची लय बिघडली तर त्यावरून ते ओळखता येत नाही; त्यासाठी ईसीजीच काढावा लागतो.

धमन्यांच्या आतले तर या यंत्राला काहीच दिसत नाही. अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज नियंत्रक औषध लागणाऱ्या दमेकऱ्यांच्या मानेच्या धमन्यांत चरबीचे थर दमा नसलेल्यांपेक्षा अधिक आढळले होते. त्यामुळे पडद्यावर 98 दिसले म्हणून मी कोलेस्टेरॉलची तपासणी पुढे ढकलत नाही.

वापरायला सोपे, हलके आणि नाडीची नोंद ठेवण्यापुरते विश्वासार्ह असे हे यंत्र आहे. पण घरात पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे साधन) नसेल, तर दमेकऱ्याने आधी तो घ्यावा.