केळीबागेतले सेन्सर आणि एमक्यूटीटी: पेलोडचं स्वरूप तीनदा बदलल्यावर

रावेरकडच्या शेतात ऑक्टोबरात केळीची कांदेबाग लावली, तेव्हाच ठिबकच्या व्हॉल्व्हजवळ ओलाव्याचे सेन्सर बसवले. आकडे सिमवरून एमक्यूटीटीने (उपकरणांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत) माझ्या जळगावच्या सर्व्हरवर येतात. संदेशाच्या पोटात, म्हणजे पेलोडमध्ये, काय आहे, हे एमक्यूटीटी बघतच नाही. स्वरूप आपणच ठरवायचं. आठ महिन्यांत मी ते तीनदा बदललं.

सुरुवात जेसनने केली, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या साध्या मजकुराने. ओलावा 41, तापमान 38, बॅटरी 3712 मिलिव्होल्ट: चार-चार इंग्रजी अक्षरांच्या नावांसकट 33 बाइट. डेटा कमी खर्च व्हावा म्हणून डिसेंबरात सीबोर घेतलं; ते तीच माहिती आखूड बायनरीत भरतं. त्याच नावांनी 23 बाइट, नावांच्या जागी क्रमांक दिले तर 11. मग हिशेब मांडला, तर जेसनमध्येच नावं काढून नुसती यादी पाठवली तरी 12 बाइटच होतात. जागा खात होती ती नावं. शिवाय इंटरनेटवरून पाठवताना लागणारं टीसीपी-आयपीचं हेडरच प्रत्येक पॅकेटमागे किमान 40 बाइट, वर टॉपिकचं, म्हणजे संदेशाच्या पत्त्याचं, लांबलचक नाव. ते टॉपिक मी आधी आखूड करायला हवं होतं.

तरीही मी यादीच निवडली, आणि ती चूक महागात पडली. जानेवारीत एका नोडला (शेतातल्या सेन्सरच्या उपकरणाला) हवेच्या आर्द्रतेचा सेन्सर जोडला आणि त्याचा आकडा नकळत यादीत पहिला गेला. व्हॉल्व्ह पहिलाच आकडा बघून उघडतो. आर्द्रता 62 आली, माती ओली आहे असं त्याने धरलं, आणि दोन दिवस त्या पट्ट्याला पाणीच नाही. मोठ्या भावाने पानं बघून ओळखलं. त्याचं म्हणणं एकच होतं, ‘कोणता आकडा कशाचा, हे मले दिसलं पाहिजे.’

तेव्हापासून परत जेसन, पण एकेका अक्षराची नावं आणि आवृत्तीचा क्रमांक. सगळं धरून 30 बाइट. रात्रपाळीची वीज येते तेव्हा भाऊ मोटारीपाशी उभा राहून मोबाइलवर कच्चा संदेश वाचतो आणि मला फोन न करता ठरवतो. माझ्या लेखी ही सोय बाइटांच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठी आहे. नाल्यापलीकडचा तुकडा मात्र वेगळा. तिथे सिमला रेंज नाही, 865–867 मेगाहर्ट्झवर लोरा (कमी विजेवर दूर पोचणारा रेडिओ) चालतं आणि संदेश लांबला की प्रसारणाचा वेळ वाढून बॅटरी लवकर उतरते. तिथे क्रमांकवालं सीबोरच ठेवलंय; लोराचे संदेश घेणारा गेटवे त्याचं जेसन करून पुढे सर्व्हरला पाठवतो.

मराठी सूचना पाठवणाऱ्यांनी एक तपासावं. ‘पाणी बंद करा’ यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत) 32 बाइट आहे, पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं जेसन मुळात प्रत्येक देवनागरी चिन्हाचा सहा अक्षरी संकेत करतं आणि तेच 62 होतं. एक सेटिंग बदललं की काम झालं.

2019 च्या एमक्यूटीटी 5 मध्ये पेलोड यूटीएफ-8 आहे का आणि त्याचा प्रकार कोणता, हे संदेशासोबतच सांगता येतं. सर्व्हर आणि गेटवेवर ते सुरू केलंय. सिमवाल्या नोडची लायब्ररी अजून एमक्यूटीटीची आधीची आवृत्ती 3.1.1 च बोलते, म्हणून त्यांच्या टॉपिकच्या शेवटी स्वरूपाचं एक अक्षर जोडलंय.